परमुलखातली चूल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बरीचशी पत्रं सातारा-सांगलीकडून परदेशी गेलेल्यांची आहेत, आणि काही इथे मागे राहिलेल्या आई-वडिलांची. मापं ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये दिली आहेत. आपली वाटी घरागणिक बदलते, तिकडचा कपही देशागणिक वेगळा. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, पण एक छोटा वजनकाटा घ्याच.

प्रश्न : मी मूळची दहिवडीची, सध्या हॅम्बुर्गला असते. इथल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापतानाच कडेनं चिरते आणि उचलताना तुटते. घरात इंडक्शनची शेगडी आहे, त्यामुळे फुगतही नाही. गव्हाचं पीठ मिसळू का?

उत्तर : गव्हाचं पीठ मिसळू नका. थापायला सोपं जाईल, पण भाकरी गार झाली की चिवट होते आणि ज्वारीची चवही मागे पडते. आधी पाकीट तपासा. जर्मनीत ‘हिर्झे’ नावानं मिळतं ते वरीसारखं बारीक धान्य, ती ज्वारी नव्हे. पाकिटावर ‘सोर्गुम’ लिहिलेलं हवं, किंवा भारतीय दुकानातलं ‘जवार’ असं लिहिलेलं पीठ घ्या.

दुसरं कारण पिठाच्या वयाचं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारा घटक नाही. ताज्या दळणात जी विरी, म्हणजे पीठ एकत्र धरून ठेवण्याची ताकद, असते तिच्या जोरावर भाकरी थापली जाते. माणदेशात मालदांडी ज्वारी दळून आणली की आठ-दहा दिवसांत पीठ संपतं, म्हणून हा प्रश्न तिथे येत नाही. तिकडे पोचलेलं पीठ कित्येक महिन्यांचं असतं, त्याची विरी गेलेली असते. अशा पिठाला गार किंवा कोमट पाणी पुरत नाही, त्याची उकड काढावी लागते. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि विरीचं काम करतो.

चार भाकरींना 300 ग्रॅम पीठ घ्या. 300 मिली पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा. आच कमी करून त्यात 240 ग्रॅम पीठ एकदम टाका, उलथन्याच्या दांड्यानं ढवळा, झाकण ठेवून शेगडी बंद करा. दहा मिनिटं झाकण काढू नका. मग परातीत किंवा पसरट भांड्यात काढून, हाताला सोसेल इतपत गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं चार-पाच मिनिटं रगडून मळा. उरलेलं 60 ग्रॅम पीठ मळताना आणि थापताना लागेल तसं घ्या. गोळा कोरडा वाटला तर गार पाण्याचा हात लावा. कडा चिरण्याचं कारण निम्म्या वेळा कमी मळणं हेच असतं. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका. एका भाकरीचा गोळा घ्या, पुन्हा मिनिटभर मळा, थापा, तव्यावर टाका, मग दुसरा घ्या. बाकीची उकड ओल्या फडक्याखाली राहू द्या.

तवा बिडाचा चालेल, पण इंडक्शनवर तो मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापवा. एकदम पूर्ण आच दिली तर मधला भाग आधी तापतो, कडा गार राहतात आणि बीड तडकूही शकतं. भाकरी टाकताना कोरडं पीठ लागलेली बाजू वर ठेवा आणि तिच्यावर लगेच पाणी फिरवा. हे पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायचं. सुकलं की वरचा पापुद्रा तडकतो, आणि तडकलेली भाकरी कधीच फुगत नाही, कारण आतली वाफ फटीतून निघून जाते. पाण्याची बाजू खाली गेली की दीड-दोन मिनिटं चांगली भाजू द्या.

आता फुगवायचं. ज्वाळा नाही, तर ओव्हनचं वरचं ग्रिल पूर्ण आचेवर आधीच दहा मिनिटं तापवून ठेवा. जाळी ग्रिलपासून साधारण 10 सेंटीमीटर खाली. तव्यावरची भाकरी न उलटता, आहे तशीच जाळीवर सरकवा. पाऊण ते एक मिनिटात टम्म फुगते. ओव्हनही नसेल तर तव्यावरच उलटून सुती फडक्याच्या घडीनं कडेकडेनं दाबत फिरवा. पूर्ण फुगणार नाही, पण कडा कच्च्या राहणार नाहीत. उरलेलं पीठ छोट्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर राहिलेलं कडवट होतं.

प्रश्न : लेक आणि जावई दुबईला आहेत. दर उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करून पाठवते. मागच्या खेपेला मसाल्याला दोन महिन्यांत कुबट वास आला. शिवाय कुणी सांगितलं की तिकडे मसाला पकडतात. खरं का? — कराडहून एक आई

उत्तर : काकू, आधी पकडण्याचं. मसाल्याला मनाई नाही, खसखशीला आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते आणि ही बाब तिथे फार गंभीर धरली जाते. सिंगापूरलाही तसंच. म्हणून या दोन्हीकडे जाणाऱ्या मसाल्यात खसखस अजिबात घालू नका, चमचाभरही नाही. दिवाळीच्या अनारशांवरची खसखसही तशीच, तिथे पाठवायचे अनारसे तिळावर थापा. मसाल्याला दाटपणा यावा म्हणून खसखशीच्या वजनाइतके तीळ जास्त घाला.

आता कुबट वास. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, कांदा-लसणात राहिलेला ओलावा. कांद्यात वजनाच्या जवळपास नऊ दशांश पाणी असतं. दोन दिवस उन्हात ठेवलेला कांदा वरून कडक दिसतो, पण चिमटीत धरून मोडला तर मोडत नाही, वाकतो. वाकतो तोवर तो डंकावर न्यायचा नाही. लसणाचं तेच. अर्धाकच्चा लसूण कांडला की मसाला सुरुवातीला सुरेख वास देतो, आणि तोच पुढे खराब होतो.

अर्धा किलो मिरचीचं प्रमाण असं ठेवा: 250 ग्रॅम ब्याडगी रंगासाठी, 250 ग्रॅम संकेश्वरी तिखटासाठी, अर्धा किलो कांदा, सोललेला लसूण 125 ग्रॅम, सुकं खोबरं 125 ग्रॅम, धणे 125 ग्रॅम, तीळ 75 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम, खडा मसाला सगळा मिळून 50 ग्रॅम, जाडं मीठ 100 ग्रॅम आणि तेल साधारण 150 मिली. मिरच्यांचे देठ काढून कडकडीत ऊन द्या. कांदा पातळ उभा चिरून तीन-चार दिवस वाळवा, मग तेलात तांबूस होऊन चुरचुरीत होईपर्यंत तळा. लसूण ठेचून त्याच तेलात, बुडबुडे थांबेपर्यंत परता. बुडबुडे म्हणजे पाणी, ते थांबले की पाणी गेलं असं समजा. खोबरं मंद आचेवर, रंग बदलला की लगेच उतरवा. ते करपलं तर सगळ्या मसाल्याला खवट कडवटपणा येतो. सगळं पूर्ण गार झाल्यावरच डंकावर न्या, आणि कांडून आणल्यावर डब्यात भरण्याआधी मसाला परातीत पसरून रात्रभर गार होऊ द्या. कांडताना तो गरम होतो. गरमच भरला तर झाकणाला आतून घाम येतो.

पाठवताना जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून हवा काढा, पिशवीवर दुसरी पिशवी, आणि वर इंग्रजीत घटकांची यादी चिकटवा. हातातल्या बॅगेत मसाला ठेवू नका, चेक-इनच्या सामानात द्या. लेकीला सांगा की आठ दिवसांपुरता मसाला बाहेर ठेवायचा आणि बाकीचा फ्रीझरमध्ये. आणखी एक: सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या सामानात भरू नका. त्यात तेल भरपूर, त्यामुळे विमान कंपन्या त्या पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात आणि विमानतळावर काढायला लावतात.

जिथून येणं-जाणं वारंवार नाही तिथे हाच मसाला मिक्सरवर होतो. ऊन नसेल तर मिरच्या 100 अंशांच्या ओव्हनमध्ये 15 ते 20 मिनिटं ठेवा, दार किंचित उघडं, खिडकी पूर्ण उघडी. अर्ध्या किलो ओल्या कांद्याऐवजी वाळवलेल्या कांद्याचे काप 60 ग्रॅम पुरतात. तयार तळलेला कांदा घेणार असाल तर पाकीट वाचा, पुष्कळदा त्याला मैदा लावलेला असतो. मिक्सर एका वेळी अर्धा मिनिटच चालवा. भांडं तापलं की मिरचीचा रंग काळपटतो.

प्रश्न : मुलगा टोरांटोला चालला आहे. इथला मिक्सर आणि ॲल्युमिनियमचा कुकर द्यावा का? — मिरज

उत्तर : मिक्सर देऊ नका. आपल्याकडे 230 व्होल्ट वीज, कॅनडा-अमेरिकेत 120. इथला मिक्सर तिथे रडतखडत फिरेल आणि वाटणार काहीच नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण 750 वॅटच्या मिक्सरला किमान 1500 वॅटचा लागतो. तो जड, महाग आणि ओट्यावर अडचणीचा. 110 व्होल्टवर चालणारे भारतीय बनावटीचे मिक्सर तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात, तेच घेऊ द्या. ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी मात्र मिक्सर खुशाल न्यावा, फक्त पिन बदलावी लागते.

कुकर इंडक्शनचा बूड असलेला स्टीलचाच द्या. खात्री करायची तर बुडाला लोहचुंबक लावून बघा, घट्ट चिकटला तर चालेल. दोन जादा रिंगा आणि दोन सेफ्टी वॉल्व्ह सोबत द्या, तिकडे नेमक्या त्याच मिळत नाहीत.

प्रश्न : म्युनिकला नातवाचं बारसं आहे. आमच्याकडे बारशाला खपल्याची हुग्गीच (गव्हाची गुळातली खीर) लागते. खपली गहू तिकडे कुठून आणायचा? — मालगाव, ता. मिरज

उत्तर : आणायची गरजच नाही, तिकडे तो पिकतो. खपली म्हणजे ज्याला जर्मनीत ‘एमर’ म्हणतात तोच गहू. सेंद्रिय मालाच्या दुकानात सोललेला अख्खा दाणा सहज मिळतो, त्यामुळे आपल्याकडे खपली कांडून टरफल काढण्याचं जे मोठं काम असतं तेही वाचतं. इटलीत हाच गहू ‘फार्रो’ नावानं विकतात, पण तिथे एक घोळ आहे: फार्रो या एकाच नावाखाली तीन वेगवेगळे गहू येतात. पाकिटावर ‘डिकोकम’ हा शास्त्रीय नावातला शब्द दिसला तर तो खपली. पाकिटावर ‘पेर्लातो’ असेल तर दाणा पॉलिश केलेला आहे, तो निम्म्या वेळात शिजतो, पण हुग्गीला हवा तो चिकट दाटपणा त्याला कमी येतो.

पंधरा माणसांना 400 ग्रॅम एमर धुऊन रात्रभर भिजवा. पाणी काढून दीड लिटर ताज्या पाण्यात, चमचाभर तूप घालून कुकरमध्ये मोठ्या आचेवर एक शिटी आणि मग मंद आचेवर 30 मिनिटं शिजवा. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. नसेल चिरडत तर आणखी दहा मिनिटं द्या. गूळ घालायची घाई इथेच नडते. गूळ पडला की दाणा मऊ होणं थांबतं, मग कितीही शिजवा, तो दाताखाली टणकच लागणार. दाणे मऊ झाले की रवीनं निम्मे घोटा, निम्मे अख्खे राहू द्या, आणि मग 500 ग्रॅम चिरलेला गूळ घालून मंद आचेवर 15 मिनिटं ढवळत राहा. बुडाशी लागते, ढवळणं थांबवू नका. शेवटी 80 ग्रॅम भाजलेलं किसलेलं खोबरं, दोन चमचे भाजून कुटलेली खसखस, दीड चमचा सुंठ, वेलदोड्याची पूड, पाव जायफळ आणि चिमूटभर मीठ.

दूध हुग्गीत घालून उकळू नका, गुळानं फाटतं. गार झाल्यावर वाटीत वाढताना वरून दूध आणि तूप घ्यावं. गूळ भारतीय दुकानात नाही मिळाला तर दक्षिण अमेरिकी मालाच्या दुकानातला ‘पानेला’ घ्या. तोही उसाचा रस आटवूनच केलेला असतो. साधी ब्राऊन शुगर मात्र नको, ती बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेला मळी लावून रंगवलेली असते. पाहुण्यांत ग्लूटेन न चालणारं कुणी असेल तर त्यांना आधी सांगा. खपली पचायला हलकी म्हणतात, तरी ती गहूच आहे.

प्रश्न : कोरेगावचा वाघ्या घेवडा डब्लिनला मिळत नाही. राजमा घालून आमटी केली तर चव येत नाही. — ल्हासुर्णे, ता. कोरेगाव

उत्तर : भौगोलिक मानांकन मिळालेला हा घेवडा कोरेगाव परिसराचाच, त्यामुळे नेमका तोच दाणा तिकडे शोधू नका. जवळचा पर्याय म्हणजे इटालियन ‘बोरलोत्ती’. अंगावर तसेच लालसर पट्टे, आणि शिजल्यावर रस्सा दाट करणारा. दाणा आपल्यापेक्षा मोठा असतो, तेवढं शिजायला जास्त लागतं. चिंच, आमसूल, टोमॅटो दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की साल कडक राहते.

एक सावधगिरी मात्र ठळकपणे सांगावीशी वाटते. तिकडे अनेक घरांत विजेवरचा मंद शिजवणारा स्लो कुकर असतो. त्यात कच्चा घेवडा किंवा राजमा थेट घालू नका. या दाण्यांत नैसर्गिक विष असतं. ते खळखळ उकळण्यानं जातं, पण मंद आचेत ते जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात. दाणे 10 ते 12 तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळा, त्यानंतर हव्या त्या भांड्यात शिजवा. प्रेशर कुकरला हा धोका नाही. डबाबंद बोरलोत्ती शिजवलेलेच असतात.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला असतो. आमच्या कॅलेंडरात गणेश चतुर्थी बुधवारी आणि त्याच्या देवळाच्या पत्रकात मंगळवारी, असं झालं. चूक कुणाची? संकष्टीला उपास सांगलीच्या चंद्रोदयावर सोडायचा का? आणि मूर्तीचं विसर्जन तिकडे कसं करायचं? — विश्रामबाग, सांगली

उत्तर : चूक कुणाचीच नाही. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यामधलं अंतर, दर 12 अंशांना एक तिथी. ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. बदलतो तो त्या क्षणी त्या गावी असलेला वार आणि वेळ. आणि सण धरायचा नियम स्थानिक दिवसाशी बांधलेला असतो. गणेश चतुर्थीला, ज्या दिवशी मध्यान्हाला चतुर्थी असेल तो दिवस धरतात. मध्यान्ह म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच भाग केले तर त्यातला मधला, साधारण 11 ते दीड.

उदाहरण मांडून बघा. समजा चतुर्थी भारतात मंगळवारी रात्री 8 ला लागली आणि बुधवारी संध्याकाळी 7 ला संपली. सांगलीत मध्यान्हाला चतुर्थी आहे ती बुधवारी. न्यू जर्सी उन्हाळी वेळेत आपल्या साडेनऊ तास मागे. तिथे तीच चतुर्थी मंगळवारी सकाळी साडेदहाला लागते आणि बुधवारी सकाळी साडेनऊला संपते. म्हणजे तिथल्या मध्यान्हाला चतुर्थी सापडते ती मंगळवारीच. तेव्हा मुलानं मंगळवारी प्रतिष्ठापना केली तर ती शास्त्राला धरूनच आहे. हिशेब करताना लक्षात ठेवा की नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हे अंतर साडेदहा तासांचं होतं.

संकष्टीला तर सांगलीची वेळ अजिबात घेऊ नये. चंद्रोदय जिथे राहता तिथला. मुलाच्या गावाचं नाव घालून चंद्रोदय दाखवणारं कोणतंही पंचांगाचं ॲप चालेल. ग्रहणाचंही असंच: जिथे दिसतं तिथेच पाळायचं. ऋषिपंचमीला तासगावचा रथ थेट प्रक्षेपणात बघायचा असेल तेवढ्यापुरतं मात्र इथलं घड्याळ लावा.

विसर्जनाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. तिकडे नदी-तलावात परवानगीशिवाय मूर्ती सोडू नये. शाडूची किंवा कुंभारकामाच्या नैसर्गिक मातीची, न भाजलेली मूर्ती घरीच बादलीत विरघळते, रात्रभरात चिखल होतो. हस्तकलेच्या दुकानात ‘एअर ड्राय क्ले’ नावानं मिळणारी माती घेऊ नका. तिच्यात कागदाचा लगदा किंवा चिकट पदार्थ असतो, ती आठवडाभर पाण्यात ठेवली तरी नीट विरत नाही.

प्रश्न : सांगलीसारखं भडंग लंडनला करते, पण दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, आणि मसाला तळाशी बसतो.

उत्तर : मऊ पडण्याची दोन कारणं, चुरमुरे आणि लसूण. तिकडच्या पाकिटातले चुरमुरे आधीच हवा खाल्लेले असतात. 250 ग्रॅम चुरमुरे ओव्हनच्या दोन ट्रेंत पसरून 120 अंशांवर दहा मिनिटं ठेवा. एक दाणा बोटांत दाबला तर चुरा व्हायला हवा, चपटा नव्हे. भडंगाला जाड, टपोरे चुरमुरे हवेत. भेळेचे पातळ घेतलेत तर मसाला धरत नाहीत.

जाड बुडाच्या पसरट भांड्यात 80 मिली शेंगदाणा तेल तापवा. 125 ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर तळून काढा. 20-25 लसूण पाकळ्या सालीसकट जाडसर ठेचा, तेलात टाका आणि पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत थांबा. मऊ राहिलेली एकेक पाकळी शेजारच्या मूठभर चुरमुऱ्यांना ओल देते. मग कढीपत्ता, तोही कोरडा पुसून. (ताजा कढीपत्ता भारतातून ब्रिटनला किंवा युरोपात सामानातून नेऊ नका, काढून घेतात. तिकडच्या दुकानातला घ्या.) आता शेगडी बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. तेलाचा ताव उतरल्यावर अर्धा चमचा हळद, दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला, दीड चमचा मीठ घाला. कडक तेलात मसाला टाकला की करपतो आणि कोरडा होऊन खाली बसतो. कोमट तेलात तो भिजतो आणि चुरमुऱ्याला चिकटतो. चुरमुरे आणि दाणे एकदम घालून दोन्ही हातांनी वर-खाली करा. मग पुन्हा अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं. पिठीसाखर एक मोठा चमचा, शेगडी बंद केल्यावरच, नाहीतर ती वितळून चिकट होते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका.

धुराच्या अलार्मची भीती असेल तर चिमणी पाच मिनिटं आधी लावा आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा. अलार्मवर पिशवी बांधण्याचा प्रकार मात्र कुणीही करू नये. तो जीव वाचवायला लावलेला असतो, आणि भाडेकरूला दंडही होऊ शकतो.

प्रश्न : भाड्याच्या घरातल्या पांढऱ्या ओट्यावर हळदीचे डाग पडलेत. साबणानं घासले तर लाल झाले!

उत्तर : लाल झाले ते साबणातल्या क्षारामुळे, घाबरू नका, भरपूर पाण्यानं साबण धुऊन काढला की पुन्हा पिवळे होतात. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी डागावर थोडं गोडं तेल पाच मिनिटं ठेवा, कागदानं टिपा, मग भांड्याचा साबण. उरलेल्या पिवळेपणावर उन्हाचा इलाज: हा रंग उजेडात फिका पडतो. फडकी, प्लॅस्टिकचे डबे, काढता येणाऱ्या फळ्या खिडकीत उन्हात ठेवा. ओटा हलवता येत नाही, तिथे 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन अर्धा तास झाकून ठेवा, आधी कोपऱ्यात करून बघा. ओटा संगमरवरी असेल तर लिंबू-व्हिनेगर अजिबात नको, दगड खाल्ला जातो.

प्रश्न : पॅरिसला जाताना साताऱ्याचे कंदी पेढे नेता येतील का? — फलटण

उत्तर : नेऊ नका. भारतासारख्या बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे. पेढा म्हणजे निव्वळ खवाच, तेव्हा तपासणीत जप्त व्हायची शक्यता मोठी. घरचं तूप आणि खवाही त्यातच धरा. त्याऐवजी चटण्या, पापड, भडंग न्या. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर खाण्याची प्रत्येक वस्तू आगमनाच्या फॉर्मवर लिहावीच. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेल्या वस्तूला जबर दंड आहे.

पेढे तिकडेच होतात. कंदी पेढ्याची चव खव्याच्या खरपूस भाजण्यात आणि बेताच्या साखरेत आहे, तेवढं सांभाळा. 50 ग्रॅम तुपावर 200 ग्रॅम पूर्ण स्निग्धांशाची दूध पावडर आणि 120 मिली घट्ट साय किंवा क्रीम एकत्र करून जाड बुडाच्या कढईत सर्वांत मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं परता. गाठी उलथन्यानं मोडत राहा. रंग फिकट तपकिरी झाला, तूप कडेनं सुटू लागलं की उतरवा. तपकिरी होण्याआधी उतरवलेला पेढा साधा दूधपेढा होतो. हाताला सोसेल इतकं कोमट झाल्यावर 60 ग्रॅम पिठीसाखर आणि वेलदोडा घालून मळा. गरम असतानाच साखर घातली तर ती वितळते आणि मिश्रण सैल पडतं. तसं झालंच तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग वळा. मिश्रण भुरभुरीत वाटलं तर चमचा-चमचा कोमट दूध. तूप मीठ नसलेल्या लोण्याचंच कढवा, 500 ग्रॅम लोण्याचं साधारण 400 ग्रॅम तूप निघतं. पेढे फ्रीजमध्ये आठवडाभर चांगले राहतात.